ढोलकी-हलगीच्या लूपवर इफेक्ट: चिखल न होता रंग कसा आणायचा?

लालबाग_लूप
मंडळी, घरच्या घरी गाणी करणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. ढोलकी, हलगी, ताशा, नाशिक ढोल यांचे तयार लूप सगळ्यांकडे तेच असतात, त्यामुळे एकच ठेका दहा गाण्यांत ऐकू येतो. तो आपला वाटावा म्हणून इफेक्ट लावायला जावं तर रिव्हर्बने धुम (ढोलकीचा खालचा, जाड बोल) पसरते, डिले लयीत बसत नाही आणि डिस्टॉर्शनने हलगी कानाला टोचते.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच लूप समोर ठेवू. सहा-आठचा ढोलकीचा ठेका, सोबत हलगी, दोन बारचा, एकच स्टिरिओ फाइल, वाद्यांचे वेगळे ट्रॅक नाहीत. सॉफ्टवेअर रीपर, खोली दहा बाय दहाची, पाच इंची मॉनिटर आणि बंद कानांचा हेडफोन. कोणता इफेक्ट कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने? आकडे दिलेत तर फार बरं होईल.

माझं मत असं की लूपला हात न लावता सगळं काम समांतर बसवर, म्हणजे मूळ लूपसोबत वाजणाऱ्या वेगळ्या ट्रॅकवर, करावं, कापाकापी टाळावी. पटत नसेल तर जरूर सांगा.

आडलय
आधी डिलेचं बोलतो, कारण तिथे चूक इफेक्टची नसते, मोजणीची असते.

ठेका मिनिटाला १०० ठोक्यांचा आहे असं धरा. म्हणजे एक ठोका ६०० मिलिसेकंद. सहा-आठात प्रत्येक ठोक्याचे तीन भाग होतात, म्हणजे एक भाग २०० मिलिसेकंद. आता प्रोजेक्ट चार-चारमध्ये १०० बीपीएमवर ठेवून डिलेला 'एक-अष्टमांश' निवडलं की तो ३०० देतो आणि डॉटेड निवडलं की ४५०. दोन्ही आकडे २०० च्या पटीत येत नाहीत, म्हणून बरेचसे प्रतिध्वनी दोन बोलांच्या मधे पडतात आणि ठेका लंगडतो.

उपाय दोन. प्रोजेक्ट १०० वरच ठेवायचं असेल तर डिलेत एक-अष्टमांश ट्रिपलेट घ्या, बरोब्बर २०० मिळतात. नाहीतर प्रोजेक्ट सहा-आठ करून १५० बीपीएम लावा. बहुतेक सॉफ्टवेअर बीपीएम क्वार्टर नोटवर मोजतात, त्यामुळे क्वार्टर ४०० आणि अष्टमांश २०० होतो. दुसरा मार्ग जास्त चांगला, कारण मग ग्रिड, स्टटर, ट्रेमोलो सगळंच जागेवर येतं.

आणि खरी गंमत ४०० मिलिसेकंदांत आहे. ठोका ६००, डिले ४००. दोन ठोक्यांत तीन प्रतिध्वनी, म्हणजे सरळसरळ आडी लय. हलगीच्या एखाद्याच फटक्यावर हा डिले सोडा, फीडबॅक ३५ टक्के, ओला (इफेक्टचा) आवाज कोरड्यापेक्षा (मूळ आवाजापेक्षा) १० डीबी खाली. ठेका तोच राहतो आणि वर दुसरा वादक आल्यासारखा वाटतो.

श्रुतिसुख
आडलय यांना दंडवत. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

खाडीपल्याड
धागाकर्त्यांच्या 'कापाकापी टाळावी' या मताशी अजिबात सहमत नाही. एकाच स्टिरिओ फाइलमध्ये धुम, चाट (ढोलकीचा वरचा, धारदार बोल) आणि हलगी एकत्र असताना बसवर काहीही लावलं तरी ते तिघांवर लागतं. हलगीसाठी लावलेला डिले धुमेलाही लागणार. चिखल होतो तो याच कारणाने. आडलय म्हणतात तसं 'एखाद्याच फटक्यावर' काही सोडायचं असेल तर तो फटका आधी सुटा करावाच लागतो.

रीपरमध्ये आयटम निवडून डी दाबलं की डायनॅमिक स्प्लिट उघडतं. ट्रान्झियंटवर (बोलाच्या आघातावर) कापायला सांगा, स्लाइसची किमान लांबी ६० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे हलगीच्या दुहेरी काडीचे तुकडे होत नाहीत. कट आघाताच्या १-२ मिलिसेकंद आधी पडला पाहिजे. आघातावरच पडला तर थापेची धार जाते आणि ती नंतर कुठल्याही प्लगइनने परत येत नाही.

पुढे फेड. इथे बहुतेक जण सगळ्या तुकड्यांना एकच फेड लावून मोकळे होतात. हलगीच्या तुकड्याला सुरुवातीला १ आणि शेवटी ३ मिलिसेकंद पुरतात. धुमेला शेवटी किमान १० लागतात, कारण १०० हर्ट्झची एक लाटच १० मिलिसेकंदांची असते आणि ती मधेच तोडली की 'टिक' येते. टिक हेडफोनवर लगेच कळते, मॉनिटरवर पंख्याच्या आवाजात दबते आणि पुढे कॉम्प्रेसरने वर येते.

मग तीन ट्रॅक करा: धुम, चाट, हलगी. तुकडे जागेवरून न हलवता फक्त खाली-वर सरकवा. दोन वाद्यं एकाच क्षणी वाजली असतील तो तुकडा धुमेच्या ट्रॅकवर राहू द्या.

लालबाग_लूप
पण घुमाऱ्याचं काय? धुमेचा घुमारा पुढच्या दोन-तीन बोलांखालून वाहत असतो. चाटेचा तुकडा वर उचलला की घुमाऱ्याला भोक पडतं.

खाडीपल्याड
बरोबर, तो कळीचा मुद्दा आहे. म्हणून घुमाऱ्याच्या भागात ट्रॅक वेगळे न करता चाटेच्या तुकड्याची नक्कल वर ठेवायची आणि मूळ खाली तसंच वाजू द्यायचं. वरच्या नकलेचा कोरडा आवाज बंद ठेवा, तिचा फक्त सेंड डिले-रिव्हर्बकडे जाऊ द्या, तोही प्री-फेडर, म्हणजे ट्रॅकचा आवाज खाली केला तरी सेंड चालू राहील असा. मूळ ठेका अखंड राहतो, इफेक्ट मात्र हव्या त्या बोलालाच लागतो.

पिंपातला_आवाज
म्हणजे शेवटी दोघांचंही बरोबर निघालं. लूप अखंड, इफेक्ट सुटा.

सातरस्ता
समांतर बस करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट, जी फार कमी लोक लक्षात घेतात. लूपची नक्कल करून तिच्यावर २०० हर्ट्झचा हाय-पास लावायचा, डिस्टॉर्शन लावायचं आणि ती मूळ लूपखाली मिसळायची, अशी सर्रास पद्धत आहे. यात थाप पोकळ होते. कारण हाय-पास फिल्टर नुसता खालचा आवाज कापत नाही, तो फेजही (लाटेची वर-खाली होण्याची वेळ) फिरवतो. २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा नेहमीचा फिल्टर कटऑफपाशी १८० अंश फिरलेला असतो. मूळ लूप आणि ही नक्कल सारख्या पातळीवर मिसळली तर २०० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खातात आणि नेमकं ढोलकीचं अंगच जातं. मग लोक ईक्यूने तिथे ४-५ डीबी वाढवतात, तरी ते भरत नाही.

म्हणून नक्कल न करता क्रॉसओव्हरने दोन भाग करा. खालचा भाग वेगळा, वरचा वेगळा, मूळ पूर्ण लूप बंद. रीपरमध्ये थ्री-बँड स्प्लिटर आणि जॉइनर हे जेएस प्लगइन सोबतच येतात. ट्रॅकला सहा चॅनेल द्या, सुरुवातीला स्प्लिटर, शेवटी जॉइनर, आणि मधले इफेक्ट हव्या त्या चॅनेलच्या जोडीला पिन करा. १८० ते २०० च्या खालचा भाग कोरडा आणि मोनो ठेवा. त्याच्यावर रिव्हर्ब नाही, कोरस नाही, स्टिरिओ रुंदी नाही. जी काय मस्ती करायची ती वर.

धागाकर्त्यांच्या तिन्ही तक्रारींतली पहिली इथेच मिटते.

गोरेगाव_फास्ट
हलगी टोचते त्याबद्दल. डिस्टॉर्शन म्हणजे नवे हार्मोनिक. हलगीची धार मुळात ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये आहे, तिचे हार्मोनिक ६, ९, १२ वर जाऊन बसतात. डिस्टॉर्शननंतर ईक्यूने कापत बसण्यापेक्षा आधीच कमी द्या. ३.५ किलोहर्ट्झला ४ डीबी खाली, मग ट्रान्झियंट शेपरने अटॅक ३ डीबी खाली, मग सॅच्युरेशन, आणि त्यानंतर ८ किलोहर्ट्झचा सौम्य लो-पास. आधी कापलेले ४ डीबी शेवटी परत वाढवले तरी चालतात. धार मूळची राहते, किरकिर येत नाही.

प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचा पर्याय असेल तर किमान चौपट करा, नाहीतर वरचे हार्मोनिक आरशातल्यासारखे उलटून खाली येतात आणि कुठल्याच सुराशी जुळत नाहीत. आणि तुलना करताना दोन्हीची पातळी सारखी ठेवा. मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो.

मोडका_मायक्रोफोन
उलटून खाली येणारे सूर नेहमीच वाईट असं नाही हां. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० सॅम्पलरचा सगळा रंगच त्यावर उभा आहे. १२ बिट आणि सुमारे २६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेट, म्हणजे १३ च्या वरचं काही राहत नाही. शिवाय त्यात एकूण सॅम्पल वेळ १० सेकंदांच्या आसपास, म्हणून लोक रेकॉर्ड जास्त वेगाने वाजवून सॅम्पल करायचे आणि मशीनमध्ये खाली उतरवायचे. त्या उतरवण्यात जी खडबड यायची तिच्यावर हिपहॉपची एक अख्खी पिढी वाढली.

घरी तेच हवं असेल तर क्रम पाळा: लूप ५ सेमीटोन वर रेंडर, त्यावर १२ बिट आणि २६ किलोहर्ट्झचा बिटक्रशर (आवाज मुद्दाम खडबडीत करणारा इफेक्ट), पुन्हा रेंडर, मग ५ सेमीटोन खाली. पिच बदलताना वेगही बदलू द्या, 'वेग कायम ठेवा' ही खूण काढा. नुसता बिटक्रशर लावण्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हलगीवर अप्रतिम. घुमाऱ्यावर लावू नका, शेपटीत खरखर येते.

आडलय
वेगाचा विषय निघालाच आहे तर, टाइम-स्ट्रेच आणि घुमारा यांचं वैर आहे. स्ट्रेच करणारी पद्धत आवाजाचे बारीक तुकडे करून ते पुन्हा जोडते, आणि घुमारा सतत सरकणारा सूर असल्याने जोडावर थरथर येते. पाच टक्क्यांपर्यंत खपून जातं, पुढे नाही.

११० चा लूप १०० वर आणायचा असेल तर स्ट्रेच न करता पिचसकट उतरवा. पण मग तो १.६५ सेमीटोन खाली जातो आणि ढोलकीची शाई गायकाच्या स्वराशी बेसूर होते. त्यापेक्षा गाणं ९८ वर घ्या. ११० वरून ९८ म्हणजे बरोब्बर दोन सेमीटोन. दोन बीपीएम सोडले की ठेका अखंड आणि सुरातही.

आणि तुकडे करून वेग कमी केला तर प्रत्येक तुकड्यामागे खड्डा पडतो. ११० ला एक भाग सुमारे १८२ मिलिसेकंद होता, १०० ला २०० झाला, १८ मिलिसेकंद शांतता. तिथे ०.२५ सेकंदांचा छोटा रूम रिव्हर्ब टाकला की भरतं. एबलटन वापरणाऱ्यांनी बीट्स मोडमध्ये ट्रान्झियंट लूप मागे-पुढे करून भरावं.

श्रुतिसुख
सुराचा विषय निघाला म्हणून माझी आवडती युक्ती देते. ढोलकी-हलगीला गाण्याच्या षड्जात गुणगुणायला लावता येतं, फक्त एका छोट्या डिलेने.

डिलेची वेळ इतकी कमी करायची की प्रतिध्वनी वेगळा ऐकूच येत नाही, त्याचा सूर होतो. १००० ला सुराच्या हर्ट्झने भागा, मिलिसेकंद मिळतात. गायिकेची पट्टी काळी एक असेल तर २७७.१८ हर्ट्झ, म्हणजे ३.६०८ मिलिसेकंद. त्याखालच्या सप्तकासाठी ७.२१५. रीपरच्या रीडिले प्लगइनमध्ये संगीतमात्रेची लांबी शून्य करा आणि मिलिसेकंदात आकडा टाइप करा. फीडबॅक -२ ते -३ डीबी. -१ च्या वर नेलंत तर शिट्टी धरते, म्हणून आधी डिलेच्या मागे लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं प्लगइन) लावा, मगच कान लावा. डिलेच्या आतला लो-पास ४ किलोहर्ट्झवर आणला की धातूचा आवाज तारेसारखा होतो.

एक ट्रॅक षड्जाला, एक पंचमाला. पंचमासाठी हर्ट्झला दीडने गुणा, म्हणजे मिलिसेकंदांना दीडने भागा. दोन्ही फक्त हलगीच्या नकलेवर, १२ ते १५ डीबी खाली. तंबोरा न लावताही गायिकेला सूर धरायला आधार मिळतो.

सातरस्ता
क्या बात है! यातला 'मागे लिमिटर' हा शब्द नवख्यांनी दोनदा वाचावा. हेडफोनवर फीडबॅक वाढवत नेणं कानाला खरंच धोक्याचं आहे.

पिंपातला_आवाज
अवांतर, पण रिव्हर्बसाठी मुंबईत खजिना आहे. जुन्या चाळीचा लाकडी जिना, दगडी इमारतीचा जिना, रिकामी पार्किंगची जागा, पाण्याचं पिंप. यांचा आवाज लूपला देता येतो आणि तो जगात दुसऱ्या कुणाकडे नसतो.

जिन्यात मधल्या मजल्यावर फुगा फोडा आणि तीन-चार मीटरवरून ध्वनिमुद्रण करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. फोन वापरणार असाल तर पातळी आपोआप बदलणारी सोय बंद होईल असं अॅप घ्या, नाहीतर फुगा फुटल्यावर फोन आवाज वर खेचतो आणि शेपूट खोटी होते. फुग्याचा आघात लाल पट्टीत जाता कामा नये. रात्री दीडनंतर, शेवटची लोकल गेल्यावर, शेजाऱ्यांना आधी सांगून. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली करू नका.

घरी आल्यावर आघाताच्या आधीची शांतता पूर्ण कापा, शेपटीला लांब फेड द्या, २०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, कारण फुग्यात खालचा आवाज भरवशाचा नसतो. मग रीव्हर्ब (ReaVerb) या रीपरच्या प्लगइनमध्ये ती फाइल उघडा.

पिंपाचं वेगळं तंत्र. रिकाम्या प्लास्टिकच्या पिंपात छोटा स्पीकर उतरवा, तोंडाशी मायक्रोफोन, हलगीचा ट्रॅक वाजवा आणि परत मुद्रित करा. स्पीकर वायरने जोडा. ब्लूटूथने आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. मुद्रण झाल्यावर पहिला आघात मूळ आघाताशी जुळवून सरकवा. पिंपात थोडं पाणी घातलं की त्याचा सूर वर चढतो, म्हणजे पिंपही पट्टीत लावता येतं. स्पीकर मात्र पाण्याच्या वर टांगा.

मोडका_मायक्रोफोन
पाणी घालून पिंप काळी एकला लावायचं! आज उद्याचं पाणी भरण्याआधी हेच.

गोरेगाव_फास्ट
गेटेड रिव्हर्बचं कुणी बोललं नाही. १९७९ च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ह्यू पॅजम यांनी फिल कॉलिन्सच्या ड्रमवर तो पकडला. संवादासाठीच्या माइकवरचा जबरी कॉम्प्रेसर आणि त्यापुढे गेट (पातळी खाली गेली की आवाज बंद करणारं दार). ताशा आणि नाशिक ढोलाला तो फार शोभतो, कारण मोठेपणा मिळतो पण शेपूट उरत नाही.

सहा-आठच्या आपल्या लूपसाठी: रिव्हर्ब १.८ सेकंदांचा, प्री-डिले शून्य, पुढे कॉम्प्रेसर ८:१, पुढे गेट. गेटचा साइडचेन (ज्या आवाजावर गेट उघडतं तो) कोरड्या थापेला जोडा. रिव्हर्बच्या आवाजावरच गेट उघडायला लावलं तर शेपटीत तो फडफडतो. होल्ड १५० मिलिसेकंद, रिलीज ३०. बेरीज १८०, म्हणजे २०० वर येणाऱ्या पुढच्या बोलाआधी दार बंद.

खाडीपल्याड
दहा बाय दहाच्या खोलीबद्दल. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्या लांबीची पहिली उभी लाट ५६ हर्ट्झला आणि दुसरी ११२ ला. खोली चौरस असल्याने दोन्ही दिशांना तेच आकडे, म्हणजे दुप्पट त्रास. बसायच्या जागेनुसार नाशिक ढोलाचा गाभा फुगलेला किंवा गायब ऐकू येणार. म्हणून खालच्या भागाचे निर्णय हेडफोनवर घ्या आणि ५० ते १२० च्या मधे एखादं चांगल्या निर्मितीचं गाणं शेजारी ठेवून स्पेक्ट्रम बघा. मॉनिटर फक्त तोल ऐकण्यासाठी.

दुसरं, रुंदी. एका बाजूला १२ मिलिसेकंद डिले देऊन हलगी रुंद करायची सवय अनेकांना आहे. मंडपातले स्पीकर बहुधा मोनो चालतात. मोनो झाल्यावर १२ मिलिसेकंदांचा डिले ४२ हर्ट्झपासून दर ८३ हर्ट्झला एक खाच पाडतो आणि हलगी पत्र्याची होते. रुंदी हवी तर डावीकडे-उजवीकडे वेगवेगळे बोल टाका, एकाच बोलाची नक्कल नको.

कळव्याचा_ठोका
एवढे इफेक्ट लावण्यापेक्षा ढोलकीवादक बोलवा. खऱ्या हाताला पर्याय नाही.

आडलय
वादक बोलवावाच, त्यात दुमत नाही. पण त्याच्या वाजवण्यावरही हेच इफेक्ट लागणार आहेत, आणि सुटे माइक असतील तर सातरस्ता आणि खाडीपल्याड यांनी सांगितलेलं निम्मं काम वाचेल.

श्रुतिसुख
परवान्याबद्दल एक ओळ. 'रॉयल्टी-फ्री' लूप गाण्यात वापरता येतो, पण तोच लूप इफेक्ट लावून नवा पॅक म्हणून विकायला बहुतेक परवाने मनाई करतात. वाचून घ्या.

लालबाग_लूप
सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मत बदललं आहे: लूप अखंड ठेवायचा, पण निवडक बोल कापून त्यांच्या नकला इफेक्टकडे पाठवायच्या. क्रम असा लावतो: खालचा-वरचा भाग वेगळा, वरच्यावर ईक्यू, ट्रान्झियंट, सॅच्युरेशन, मग कॉम्प्रेसर, डिले आणि रिव्हर्ब सेंडवर. कॉम्प्रेसर सॅच्युरेशनच्या आधी की नंतर? आणि शेवटी हे सगळं परत लूप म्हणून रेंडर केलं तर सुरुवातीला डिलेची शेपूट गायब असते आणि जोडावर आवाज खचतो. ते कसं टाळायचं?

गोरेगाव_फास्ट
कॉम्प्रेसर नंतर. सॅच्युरेशन टोकं आधीच थोडी गोल करतं, मग कॉम्प्रेसरला कमी ओढावं लागतं. ४:१, अटॅक १५ मिलिसेकंद म्हणजे थाप निसटते, रिलीज १२० म्हणजे पुढच्या २०० च्या आत तो सुटलेला असतो. ३-४ डीबीपेक्षा जास्त काटा हलू देऊ नका. मुद्दाम चिरडायचं असेल तर ते वेगळ्या समांतर ट्रॅकवर, अटॅक १, रिलीज ८०, काटा १२ डीबी, आणि तो ट्रॅक अगदी खाली. त्या ट्रॅकवर फिल्टर लावू नका, सातरस्ता यांचा फेजचा मुद्दा तिथेही लागू आहे.

सातरस्ता
शेपटीसाठी लूप तीनदा सलग ठेवा, पूर्ण रेंडर करा आणि मधली फेरी कापून घ्या. तिच्या सुरुवातीला आधीच्या फेरीची शेपूट आलेली असते आणि शेवटची शेपूट पुढच्या फेरीच्या सुरुवातीला तशीच भेटते. सहा-आठचा एक बार दोन ठोक्यांचा, म्हणून १०० च्या ठेक्याला दोन बार म्हणजे २४०० मिलिसेकंद, ४८ किलोहर्ट्झला १,१५,२०० सॅम्पल. कट बरोब्बर तेवढाच घ्या, एकही कमी-जास्त नको, आणि या कटांना फेड लावू नका. रेंडर २४ बिट, टोक -६ डीबीपर्यंत. फीडबॅक इतका लांब असेल की शेपूट २४०० च्या पुढेही जाते, तर चार-पाच फेऱ्या ठेवून शेवटून दुसरी घ्या.

डिलेत टेपसारखी डगमग किंवा यादृच्छिक मॉड्युलेशन असेल तर प्रत्येक फेरी वेगळी येते आणि जोड जुळत नाही. तेव्हा लूपचा हट्ट सोडून गाण्याच्या पूर्ण लांबीचा ट्रॅक रेंडर करा.